तुळजाबाईचा पिवळा धागा

केदारखेडा,
८ सप्टेंबर

सुमेधा,

सात ऑगस्टला, बुधवारी, पावणेबारा वाजता वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत राधेश्यामच्या कॉलरला माझा हात गेला, आणि माझ्या आयुष्यानं कूस बदलली. हात गेला असं लिहितोय, जसा काही तो हात माझा नव्हताच, शेजारच्या टेबलावरून उठून आल्ता. जास्वंदीच्या फुलांचा ट्रे उलटला. फरशीवर फुलं होती आणि राधेश्यामच्या नाकातलं रक्त होतं, आणि दोन्हींचा लाल एकच होता. तू भिंतीला टेकून उभी होतीस. तुझ्या हातातली मोजपट्टी मला अजून दिसते, तुझा चेहरा दिसत नाही.

मग प्राचार्यांची केबिन, माझा लेखी जबाब, आणि मी दार आपटून बाहेर. ते दार एवढ्या जोरात वाजलं की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. मला तेव्हा त्या टाळ्या वाटल्या.

तो काय बोलला ते मी लिहिणार नाही. तुझ्या कानावर ते पडू नये. एवढंच ध्यानात घे की मी तुझ्यासाठी उभा राह्यलो.

डिसेंबरपर्यंत मला बंदी आहे. जानेवारीत परत घेतील, जबाब बघून सर थोडे नरमलेत. तोवर शहागडला मायच्या चहाच्या हॉटेलात बसून ट्रकवाल्यांना कट चहा देत बसलो असतो, पण तिथं मी दोनच दिवसांत एका क्लीनरशी हुज्जत घातली. माय म्हणाली, "राजानंद, तुझ्या डोक्यावर दूध ठिवलं तर उतू जाईन." आणि तिनं मला केदारखेड्याच्या मच्छिंद्रमामांकडं धाडून दिलं. सख्खे मामा नाहीत. बियाणं घेऊन जाता-येता पंधरा वर्षं ते आमच्याच बाकड्यावर थांबतात, म्हणून मामा.

त्यांचं वीस गुंठ्यांचं शेडनेट आहे. हिरव्या जाळीखाली मिरचीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट. बाहेर भादव्याचं ऊन फणा काढून उभं असतं, आणि आत असा उजेड असतो, जसा तळ्याच्या तळाशी असावा. माणसं त्यात पोहत असल्यासारखी चालतात. आत जायला दोन दारं आहेत, मधे एक खोलीएवढी जागा. पहिलं दार उघडायचं, आत यायचं, ते लावायचं, मंगच दुसरं उघडायचं. दोन्ही एकदम उघडी राहिली की मधमाशी आत घुसते, आणि कोणत्या फळाचा बाप कोण हे ती स्वतःच ठरवून टाकते.

पहिल्या दिवशी मी दोन्ही सताड उघडी टाकली. आतून आवाज आला, "दार कोन लावीन रे, तुझी सासू?"

ती तुळजाबाई. तिच्याबद्दल पुढं लिहीन.

तू नंबर बंद केलास म्हणून हा कागद. तुझ्या मैत्रिणीच्या, रूपालीच्या हाती देतोय. तुझा प्रयोगाचा चिमटा माझ्याकडं राह्यला, त्या दिवशीच्या गडबडीत. जपून ठेवलाय.

— राजानंद

*

केदारखेडा,
२० सप्टेंबर

सुमेधा,

उत्तर नाही. हरकत नाही. मला आता वाट बघायचाच पगार मिळून राह्यला.

खरंच. काम तेच आहे. दुपारी दोननंतर मादीच्या ओळीत बसायचं आणि कळी शोधायची. आजची नको, परवाची नको, उद्या सकाळी उमलणारी पाहिजे. ती टपोरी असते, लेकराच्या पहिल्या दातासारखी पांढरी. चिमट्यानं तिच्या पाकळ्या हलकेच सोडवायच्या. आत निळसर पुंकेसर असतात, पाच-सहा, जांभळाचा रस लागल्यासारखे. ते एक एक खुडून टाकायचे. मधली हिरवी काडी तेवढी राहू द्यायची, केसासारखी बारीक आणि उघडी, आणि लगेच देठाला धागा बांधायचा. रात्रभर ती तशीच उभी राहते. सकाळी सातला आपण नराच्या फुलांच्या परागांची पूड घेऊन जायचं. अंगठ्यात प्लास्टिकची अंगठी असते, तिच्या माथ्यावर मसुरीएवढा खळगा, त्यात ती पूड. काडी त्यात बुडवली की झालं लगीन. कळी ओळखायची ती देठाच्या धाग्यावरून.

धाग्याचा रंग ज्याचा त्याचा. बेबीनंदाचा लाल, तुळजाबाईचा पिवळा, माझा जांभळा. पुढं बियाण्यात खोट निघाली तर रंगावरून माणूस सापडतं. लाजायला जागाच राहत नाही.

आणि एक नियम. पुंकेसर फुटलेला दिसला, त्याच्यावर पीठ आलेलं दिसलं, तर ती कळी तोडून टाकायची, कितीही देखणी असो. ती स्वतःशीच लगीन लावून मोकळी झालेली असते. तिचं फळ दिसायला तसंच, बी दिसायला तसंच. पण पेरलं की जुनंच झाड उगवतं, आणि पिशवीवर नाव असतं नव्या वाणाचं. कंपनी थोडं बी पेरून बघते. खोट सापडली की सगळा प्लॉट बाद, मामांचा अख्खा हंगाम बाद, आणि तो धागा ज्याचा त्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

तुळजाबाईचे अकरा हंगाम झालेत. एक फळ बाद नाही. पंचावन्न वर्षांची बाई, चष्म्याच्या एका काडीला तोच पिवळा धागा गुंडाळलेला. कळीकडं अशी बघते, जशी सून निवडायला आली आहे.

पहिल्या आठवड्यात मी कळ्या चिरडत होतो. ती म्हणाली, "आरं, कुस्ती खेळू राह्यला का तिच्यासंगं? तिला कळूच द्यायचं न्हाई का तू आल्ता."

बेबीनंदा पलीकडून म्हणाली, "मावशे, पोराच्या बोटात अंगठी गेली. आता नवरी तेवढी बघा."

"नवरी बघितलेली हाये त्यानं," तुळजाबाई म्हणाली. "त्या चिमट्याकडं बघ की. कसा फडक्यात गुंडाळून आणतो. आम्ही दात कोरायला बी असला ठिवत न्हाई."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, सुमेधा. माझ्यावर कुणी हसलं आणि माझा हात उठला नाही, असं बहुतेक पहिल्यांदाच झालं. मला हे इथं बरं वाटून राह्यलं, खरं सांगतो. सकाळी सातला दव जाळीवर असतं, आतून बघितलं की आभाळ घामेजल्यासारखं दिसतं. बायका ओळीओळीतून बोलतात, तोंडं दिसत नाहीत. मिरचीच बोलते असं वाटतं. मी रोज तीनशे कळ्या करतो. तुळजाबाई सहाशे करते, आणि मधूनच माझ्या ओळीत येऊन दोन-चार उचकून बघते. परवा म्हणाली, "बराबर हाये." एवढंच. ती पदवी मी त्या दिवशी घरी घेऊन गेलो.

तुझ्या चिमट्याचं टोक अजून सरळ आहे.

— राजानंद

*

केदारखेडा,
६ ऑक्टोबर

सुमेधा,

काल मामांबरोबर जालन्याला गेल्तो. रूपाली मोंढ्याजवळ भेटली. तिनं दोन्ही पाकिटं माझ्या हातात ठेवली. फोडलेली नव्हती.

"वाचली न्हाई?"

"हात बी न्हाई लावला. टेबलावर ठेवली तर पट्टीनं माझ्याकडं सरकवली."

मग तिनं बाकीचं सांगितलं. तुझे वडील, अण्णासाहेब, तुला सकाळी बदनापूर स्टेशनवर सोडायला येतात आणि संध्याकाळी न्यायला उभे असतात. शाळेतले सर, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींना शिका म्हणून सांगितलं. पण एम.एस्सी.साठी परभणीच्या होस्टेलचं नाव तू काढलंस की म्हणतात, घरी बसून जे होईल ते शिक. दोन वर्षांपासून तू त्या होस्टेलची स्वप्नं बघतेस, मला माहीत आहे. प्रवेशाचा अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचा, आणि ते सही करत नाहीत.

"कामून पण?" मी म्हणालो.

"कामून म्हणून तूच विचारतो? तुझा जबाब वाचून दाखवला त्यांना प्राचार्य सरांनी."

मी तिच्यावर ओरडलो. रस्त्यात. ती चपलेतला खडा काढावा तशी थांबली, माझं ओरडणं संपू दिलं आणि निघून गेली.

आज दुपारी मी रागानं काम केलं, आणि रागाचं काम झपाझप होतं. तीन ओळी एका बैठकीत. कळ्या जरा पुढं गेलेल्या होत्या, चालतंय. रातच्याला पाणी दिल्तं, त्यानं लवकर उमलायला आल्या असतील. जांभळा धागा संपलेला होता. तुळजाबाई दवाखान्यात गेल्ती, तिची टोपली तिथंच होती. तिच्यातलं रीळ घेतलं. धागा काय, धागाच.

हे पत्र रूपालीकडं जाणार नाही. वहीत राहील. तुला लिहायची मला सवय लागली आहे, एवढंच.

*

२६ ऑक्टोबर

आज कंपनीचा सुपरवायझर आल्ता. भिंग डोळ्याला लावून ओळीओळीनं फिरला. पिवळ्या धाग्याच्या तीन ओळींपाशी थांबला. फळं अशी लगडलेली, देठाला देठ घासतोय.

"मावशी, हा तुमचा हात आहे. पोरांनो, बघून घ्या, याला काम म्हणतात."

तुळजाबाई लाजली. पंचावन्न वर्षांची बाई पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं लाजली. मला म्हणाली, "दवाखान्यात गेल्ते त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या असतीन ह्या. मला आठवन बी न्हाई बघ."

मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो. दोन्ही दारं बराबर लावली.

*

केदारखेडा,
२९ ऑक्टोबर

सुमेधा,

आज सांगून टाकलं.

तीन दिवस मी त्या ओळींकडं बघायचं टाळलं. पण पिवळा रंग दुपारच्या हिरव्या उजेडात असा पेटतो की पाठ फिरवली तरी मानेवर लागतो. सकाळी अंगठीत पूड भरताना तुळजाबाई शेजारी बसली, भाकरीचा तुकडा मला दिला, आणि मी तो तोंडात तसाच धरून बोललो.

"मावशी, त्या तीन ओळी तुमच्या न्हाईत."

"मंग कोनाच्या?"

"माझ्या. पुंकेसर फुटलेले होते. मी बघितलं होतं. तरी बांधला. तुमचा धागा बांधला."

मला वाटलं ती आता ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, ती विद्या मला येते. तिनं चष्मा काढला, काडीवरचा धागा नखानं चाचपला, परत घातला.

"चूक कर ना बाबा. हजार कर. पन माझ्या रंगाला हात लावायच्या आधी मला इचारायचं."

मग उठली, मामांना हाक मारली. मामा आले. तिनं सगळं सांगितलं, माझ्याकडं बोट न दाखवता, जसं पाऊसपाणी सांगावं. मामांचा चेहरा कापसासारखा झाला.

"हे जर पोत्यात गेलं असतं, राजा," ते म्हणाले, आणि ओळीतलं एक फळ खुडून बघितलं. मग म्हणाले, "तोडा. सगळी तोडा. अजून पंधरा दिवस कळी येती, झाडं परत धरतीन."

आम्ही दिवसभर तोडली. ती एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. हिरवी कोवळी फळं, प्रत्येकाच्या देठाला तिची अकरा वर्षं गाठ मारून बांधलेली. मधल्या झाडापाशी आमची टोपली एक झाली तेव्हा ती म्हणाली, "त्या दिशी कोनावर चिडल्ता एवढा?"

मी सांगायला लागलो आणि थांबता येईना. ऐक, तिला जे सांगितलं ते तुलाही सांगतो. आधी तुलाच सांगायला पाहिजे होतं.

राधेश्याम तुझ्याबद्दल काही बोलला नव्हता. एक शब्द नाही. माझी वही बाकावर उघडी होती, तिच्यातली कविता त्यानं वाचली. "तुझे डोळे म्हणजे दोन अथांग विहिरी." त्यानं मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "मंग एक पाच एचपीची मोटर बसव की." पोरं हसली. मी त्याच्या नाकावर मारलं.

बस. एवढंच होतं. आणि केबिनमध्ये सर म्हणाले, कारण लिही. कविता असं लिहायची मला लाज वाटली. म्हणून मी लिहिलं: "सुमेधा हिने मला सांगितले की राधेश्याम तिला त्रास देतो." ते वाक्य मी लिहिलं तेव्हा माझं अक्षर फार सुंदर आल्तं. तू मला कधीच काही सांगितलं नव्हतंस. तू मला पेन मागण्याशिवाय फारसं काही बोललीच नव्हतीस. कांड माझं होतं, देठाला नाव तुझं बांधलं.

आणि चिमटा गडबडीत राह्यला नव्हता. पडलेला उचलून मी खिशात घातला. तुझं काही तरी आपल्याकडं असावं म्हणून.

तुळजाबाईनं सगळं ऐकलं. मोटरीपाशी आलो तेव्हा तिला हसू आवरेना. खोकेपर्यंत हसली. "पाच एचपीची," ती म्हणाली, "आरं, त्यानं बराबर सांगितलं होतं की रे." मग डोळे पुसले, आणि फळांची टोपली माझ्या डोक्यावर ठेवली. "जा. खड्ड्यात टाकून ये. आनि ते दुसरं बी तोडून ये."

"दुसरं कोणतं?"

ती पुढच्या झाडाकडं वळली. दार लाव म्हणाली.

*

जालना, रेल्वे स्टेशन,
२१ नोव्हेंबर

सुमेधा,

बाकड्यावर बसून लिहितोय. तुझी गाडी गेली असेल आता. थंडी पडायला लागली आहे, चहाची वाफ कपाएवढीच उंच जाते आणि विचार बदलते.

आधी प्लॉटचं सांगतो. त्या तीन ओळींनी परत कळ्या धरल्या. पहिल्या बहरापेक्षा कमी, पण धरल्या. एक अख्खी ओळ मी केली, जांभळ्या धाग्यानं, दिवसाला शंभरच कळ्या, एकाही फुटलेल्या पुंकेसराला माफी न देता. तुळजाबाईनं भिंग घेऊन बघितली.  तिच्या रिळातला वीतभर पिवळा धागा तोडून माझ्या मनगटाला बांधला, आणि म्हणाली, "हा मी दिला. घेतला आनि दिला, येवढा फरक ध्यानात ठिव." मामांनी फेब्रुवारीच्या काकडीसाठी पाच गुंठे माझ्या अंगावर टाकलेत. माय म्हणते, दुधाखालचा जाळ कमी झाला वाटतं. मी खुशीत आहे, सुमेधा. हे लिहिताना अपराधी वाटायला पाहिजे, पण नाही वाटत. ढेकळात पाय रुतावा तशी ही खुशी आहे, थंड आणि खालून धरणारी.

आता आजचं.

सरांना मी आठवड्यापूर्वीच फोन करून सांगितलं होतं की जबाब बदलायचा आहे, आणि अण्णासाहेबांनाही बोलवा. नुसता कागद फायलीत बदलला तर तो बदनापूरपर्यंत चालत जाणार नव्हता. अकराला कॉलेजात गेलो. अण्णासाहेब आधीच खुर्चीत बसलेले होते. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी, शाईच्या पेनचं टोपण खिशाला. मी त्यांना जयभीम घातला. त्यांनी मान हलवली, सवयीनं.

कागद मी घरूनच लिहून नेल्ता. दोन हातांनी सरांसमोर ठेवला. त्यांनी मोठ्यानं वाचला. "सुमेधा हिने मला काहीही सांगितले नव्हते. राधेश्याम तिच्याबद्दल काहीही बोलला नाही. तो माझ्या कवितेवर हसला, म्हणून मी त्याला मारले. तिचे नाव मी तिला न विचारता वापरले." सरांचा आवाज कवितेपाशी जरासा लंगडला. कोणती कविता ते त्यांनी विचारलं नाही, त्यांचे उपकार.

"याचा अर्थ कळतो का तुला?" सर म्हणाले. "पहिल्या जबाबामुळं तुला जानेवारीत घेणार होतो. आता खोटा जबाब दिला म्हणून नाव कमी करावं लागेल."

"कळतो, सर."

अण्णासाहेबांनी कागद स्वतःकडं ओढून घेतला. एकदा वाचला, परत वाचला. शिक्षकासारखं बोट ओळीखाली धरून. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"मी पोरीला विचारलं होतं. ती म्हणाली, बाबा, मी काहीच बोलले न्हाई. मी तिचं न्हाई ऐकलं. तुझा कागद ऐकला."

 त्या खोलीत तेव्हा मला पहिल्यांदा तुझा चेहरा आठवला, त्या दिवशीचा, भिंतीला टेकलेला. तू घाबरलेली नव्हतीस. तू माझी वाट बघत होतीस, मी खरं बोलेन म्हणून.

"हे आधी कामून न्हाई लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"लाज वाटली, सर."

"आता न्हाई वाटत?"

"आता पण वाटते."

त्यांनी पिशवीत हात घातला. चार घड्या घातलेला एक फॉर्म काढून टेबलावर सरळ केला. वरती परभणी लिहिलेलं मला उलट्या बाजूनंही वाचता आलं. म्हणजे तू तो रोज त्यांच्या पिशवीत ठेवत होतीस, आणि ते रोज बाहेर काढत नव्हते. टोपण उघडल्याचा टक असा आवाज आला. पुढं मी बघितलं नाही. ते तुमच्या दोघांचं होतं.

फडक्यातला चिमटा काढून मी फॉर्मच्या बाजूला ठेवला. "हा सुमेधाचा. मी न विचारता घेतल्ता."

प्रेम आहे का अजून? आहे. पण ते माझ्या देठाला, माझ्या धाग्यानं. तुझ्या नावाची त्यात गाठ नाही. ही वही तुझ्याकडं येणार नाही, आणि तू कधी वाचायला मागितलीस तर नाही म्हणणार नाही. पहिली दोन पाकिटं मी मामांच्या चुलीत घातली. त्यात मीच फार होतो.

"जाऊ का, सर?"

"जा," प्राचार्य म्हणाले. तेवढ्यात अण्णासाहेब म्हणाले, "काम काय करतो आता?"

"बियाणं करतो."

त्यांनी वर बघितलं. फॉर्मवरची शाई ओली होती, त्यांनी तिच्यावर फुंकर घातली, आणि मान हलवली. या वेळी सवयीनं नाही.

केबिनच्या त्या दाराची स्प्रिंग तुला माहीत आहे, सोडलं की ते आपोआप धाडकन बसतं. मी बाहेर आलो. व्हरांड्याच्या कठड्यावर कबुतरं बसलेली होती. मी मागं वळून दार हातानं धरलं, आणि हळूहळू, एकही कबुतर उडू न देता, लावून घेतलं.